हार्ट फेल्युअरची घरची काळजी: एकट्या सुनेवर आलेलं काम आणि त्याची वाटणी

सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात हार्ट फेल्युअरच्या (म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी झालेल्या) रुग्णांच्या घरच्यांसाठी एक छोटा कार्यक्रम चालतो. तिथे मी मेडिकल सोशल वर्कर म्हणून काम करते. त्या कार्यक्रमात आलेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं घेतलेली नाहीत, घरात ज्याला जी हाक आहे तीच वापरली आहे.

हेच प्रकरण निवडलं, कारण कागदावर इथे सगळं नीट झालं होतं. शिकवून झालं, फोन झाले, फॉर्म भरले. तरी घरी गेल्यावर २६ व्या दिवशी रुग्ण, म्हणजे आबा, पुन्हा दाखल झाले, आणि जिला शिकवलं त्या सुनेची तब्येत त्यांच्याआधीच ढासळायला लागली होती.

पार्श्वभूमी

आबा ६७ वर्षांचे. गावच्या दूध सोसायटीचे सचिव म्हणून निवृत्त झालेले. मधुमेह जुना. तीन वर्षांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या आणि मग बरं वाटतंय म्हणून त्यातल्या काही आपोआप सुटल्या. जुलैच्या शेवटी हॉस्पिटलात आणलं तेव्हा दोन रात्री ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले होते. पायाची सूज पोटरीपर्यंत चढलेली, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण, २८ टक्के आलं. निरोगी हृदयात ते साधारण ५५ च्या पुढे असतं. सहा दिवस शिरेतून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिल्यावर साडेचार किलो पाणी उतरलं आणि ५८.४ किलो वजनावर आबा घरी गेले. दाखल असतानाचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला. घरी गेल्यावरच्या गोळ्यांना योजना नाही. त्या महिन्याला अठराशेच्या आसपास जात होत्या, खिशातून.

घरात माणसं सहा. माई, म्हणजे आबांची बायको, ६१ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. दादा, म्हणजे आबांचा मुलगा, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो, एरवी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. सून ३४ वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. नात आठवीत, नातू चौथीत. अक्का, म्हणजे आबांची लेक, इचलकरंजीला दिलेली. दोन म्हशी.

आपल्याकडे हार्ट फेल्युअरचा रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधीच आजारी पडतो. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय साठीच्या जवळ होतं. त्यातले साधारण ३१ टक्के वर्षभरात दगावले, पाच वर्षांत साधारण ५९ टक्के. म्हणजे हा आजार घरात येतो तेव्हा घर अजून चालतं असतं. मुलांच्या शाळा, जनावरं, कर्जाचे हप्ते, सगळं चालू असतं. काळजी घेणारी बाई रिकामी बसलेली नसते, तिच्या दिवसात आधीच जागा नसते.

आमचा कार्यक्रम साधा आहे. डिस्चार्जच्या आधी दोन बैठका होतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर फोन करायचा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. कुठली गोळी मनाने बंद करायची नाही, कुठली मनाने सुरू करायची नाही. मग तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी आमचा फोन जातो, महिन्यातून एकदा ओपीडीच्या दिवशी घरच्यांची बैठक होते. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे बघायला झॅरिटची प्रश्नावली वापरतो. तिच्यात २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. चाळिशीच्या पुढे गुण गेले की भार बराच आहे असं धरतात.

पहिला निर्णय: शिकवायचं कोणाला

फॉर्मवर ‘काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव’ अशी एकच ओळ होती. त्या ओळीत सुनेचं नाव लागलं, आणि लागायला कारणंही चांगली होती. ती बारावी शिकलेली, मोबाइल सफाईने वापरणारी, वॉर्डात सहाही दिवस तीच थांबलेली. अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची सवय. माई शेजारी बसल्या होत्या, पण “तिलाच सांगा सगळं, मला काय कळतंय त्यातलं” म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. दादा डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी होता.

दोन प्रश्न विचारले गेले नाहीत. आमटीत मीठ कोणाच्या हाताने पडतं? आणि गरज पडली तर हॉस्पिटलला फोन करायचा हे घरात कोण ठरवतं? भाकरी सून थापत होती, भाजी तीच चिरत होती, पण मिठाचा हात माईंचा होता. आणि फोनचं म्हणाल तर मोबाइल सुनेच्या हातात असला तरी आबांच्या बाबतीतला शब्द दादाचा.

झॅरिटची प्रश्नावलीही त्याच बैठकीत, खाटेशेजारी, माई ऐकत असताना भरली गेली. गुण आले १४. “सासऱ्याचं करायला कसला ताण, मॅडम?” असं ती हसून म्हणाली होती. फाइलवर शेरा पडला: भार कमी.

घरी काय घडलं

हे नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं, इथे सलग मांडते.

वजनकाटा अक्काने पाठवला. पहिला आठवडा आकडे नुसते उड्या मारत होते, आज ५७, उद्या साठ. माईंनी काट्यालाच नावं ठेवली. सुनेच्या लक्षात आलं की सोप्यातली जमीन सारवलेली, उंचसखल, म्हणून काटा जागा बदलला की आकडा बदलतो. न्हाणीच्या उंबऱ्याशी एक शहाबादी फरशी होती, तिच्यावर काटा ठेवल्यावर आकडे जागेवर आले. ही गोष्ट आमच्या कुठल्याही पत्रकात नव्हती. आता आहे.

आकडा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या रतिबाच्या खुणांच्या खाली लिहायची. सकाळी पाचला उठून धार, मग आबांचं वजन, सकाळच्या गोळ्या, डबे, अंगणवाडी. दुपारी परत येऊन आबांचं वेगळं जेवण. रात्री आबांना दम लागला तर ऐकू यावं म्हणून ती पोरांना घेऊन सोप्यातच झोपायला लागली. झोपायची म्हणण्यापेक्षा पडून राहायची. त्यांचा श्वास जरा लांबला तरी उठून बघायची. वॉर्डातल्या दोन बैठकांत आम्ही तिला धोक्याच्या सगळ्या खुणा शिकवल्या होत्या. त्या खुणा आल्यावर तिने एकटीने सगळं पेलायचं नाही, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

लघवीच्या गोळीवरून रोजची कुरबुर. आबांना दहा वाजता सोसायटीच्या कट्ट्यावर जायचं असे आणि तिथे आडोसा नाही. गोळी घेतली की दोन तास कुठे जायची सोय नाही. मग ते “घेतली, घेतली” म्हणायचे. धुणं धुताना सदऱ्याच्या खिशात विरघळलेल्या गोळ्यांचा पांढरा लगदा सापडला तेव्हा तिला कळलं. ती बोलली तर आबा चिडले, माई म्हणाल्या, “आता सासऱ्याचे खिसे तपासणार व्हय?” त्यानंतर ती गप्प राहिली.

कट्ट्यावर दुपारी भडंग यायचं. सांगलीकराला भडंग सोडा म्हणणं किती अवघड, हे सांगलीकरालाच कळेल.

आणखी एक गोष्ट सुनेला माहीतच नव्हती. माईंना गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणायची सवय. आबांची कंबर धरली, तेव्हा माईंनी आपल्यातल्याच दिल्या. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. या जातीच्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि लघवीच्या गोळीचा जोरही कमी होतो. हार्ट फेल्युअरमध्ये त्या टाळायच्या असतात. सुनेला आम्ही हे सांगितलं होतं. माईंना नव्हतं.

कॅलेंडरवरचे शेवटचे तीन आकडे असे: ५८.६, ५९.७, ६१.२. तिसऱ्या दिवशी सकाळीच तिला कळलं होतं की हा फोन करायचा आकडा आहे. तिने दादाला फोन लावला. तो म्हणाला, “आज गाडीवर आहे, उद्या बघू.” माई म्हणाल्या, पाणी जास्त प्यायलेत. त्या रात्री दीडला १०८ बोलवावी लागली.

पुन्हा दाखल झाल्यावर

या खेपेला आबांना आठ दिवस लागले. डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन हे हार्ट फेल्युअरवरचं औषध सुरू केलं, बाकीच्या गोळ्यांचे डोस टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरलं. २०२० नंतर डॅपाग्लिफ्लोझिन आणि २०२३ पासून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन जेनेरिकमध्ये मिळायला लागल्याने या आजारावरची चार मुख्य औषधं आमच्या रुग्णांच्या आवाक्यात तरी आली. त्याआधी नुसती किंमत ऐकून लोक चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत.

सुनेशी बोलायला मी अंगणवाडीत गेले, पोरं घरी गेल्यावर. तीच प्रश्नावली, तेच २२ प्रश्न. या वेळी गुण आले ४९. पाच आठवड्यांत भार साडेतीन पट झाला असं कोणी म्हणेल, पण ते खरं नाही. पहिला आकडाच खोटा होता, कारण सासूच्या देखत सून दुसरं काय सांगणार? ‘रुग्णाची काळजी घेताना तुम्हाला स्वतःकडे बघायला वेळ मिळत नाही असं वाटतं का’ या अर्थाच्या प्रश्नावर ती बराच वेळ टाटपट्टीची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, वेळ जाऊ दे. काही झालं तर माझ्याच हातनं झालं म्हणतील, याची भीती वाटते. शिकवलंय ना मला.”

तिला चार महिने पाळीत फार जात होतं, चक्कर येत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं दोनदा ठरून राहून गेलं होतं, दोन्ही वेळा आबांमुळे. हिमोग्लोबिन निघालं ८.४.

शिकवण्याने भार कमी होतोच असं नाही, हे बाहेरच्या अभ्यासांतही दिसलेलं आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. गंभीर हार्ट फेल्युअर असलेल्यांच्या १५८ घरच्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना प्रशिक्षित नर्सकडून फोनवर समुपदेशन आणि पाठपुरावा मिळाला. सोळा आठवड्यांनंतर त्यांच्या जगण्याचा दर्जा, मनःस्थिती, भार यांत इतरांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ असे कार्यक्रम निरुपयोगी आहेत असा मी घेत नाही. माहितीने रुग्णाचा फायदा होतो. पण जिच्याकडे ती माहिती जाते तिच्याकडे त्याबरोबर एक नवी नोकरीही जाते, आणि त्या नोकरीत अधिकार आणि सुट्टी दोन्ही नसतात.

समोर असलेले पर्याय

टीमच्या बैठकीत पहिला पर्याय आला तो म्हणजे सुनेला जास्त फोन करायचे. करायला सर्वांत सोपा, आणि म्हणूनच त्याची भीती होती. आधीच तिच्यावर असलेल्या कामांत आमचे फोन उचलणं हे आणखी एक काम झालं असतं.

पगारी माणूस ठेवणं पैशामुळे बाद झालंच, पण तसंही ते या घराला लागू नव्हतं. आबा चालतात, अंघोळ करतात, जेवतात. त्यांना उचलायला माणूस नको होता. रोज बारीकसारीक गोष्टींवर लक्ष ठेवणं आणि निर्णय घेणं हे खरं काम होतं, ते बाहेरचा माणूस करत नाही.

आबांना दोन महिने इचलकरंजीला अक्काकडे ठेवायचं, असं अक्कानेच सुचवलं. सुनेला निदान झोप मिळाली असती. आबा लेकीच्या दारात राहायला तयार नव्हते आणि दादाला गाव काय म्हणेल याची काळजी. मला हा पर्याय इतक्या पटकन सोडायला नको होता असं वाटतं. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामाला ‘राहायला जाणं’ न म्हणता पाहुणपण म्हणता आलं असतं.

चौथा पर्याय कामं वाटायचा. घरी जाऊन, सगळे हजर असताना. धोका असा की बैठकीत सगळे हो म्हणतात आणि आठवड्याने काम आपोआप सुनेकडे परत येतं. शिवाय या बैठकीतून ‘सुनेने हॉस्पिटलात गाऱ्हाणं केलं’ असा अर्थ निघाला तर तिला त्याच घरात राहायचं होतं. म्हणून बैठक डॉक्टरांच्या सांगण्यावरून आहे आणि विषय आबांची दुसरी भरती हा आहे, असंच सांगायचं ठरलं. सुनेच्या ४९ गुणांचा आणि अंगणवाडीतल्या बोलण्याचा उल्लेख घरात करायचा नाही, हे तिच्याशी आधी बोलून घेतलं.

केलेली कृती

रविवारी दुपारी सोप्यात बैठक झाली. अक्का मुद्दाम आली. गावातल्या आशाताईंनाही बोलावलं होतं. त्यांच्या कामाच्या यादीत हे बसत नाही, तरी त्या आल्या.

सुरुवात आकड्यांपासून केली. कोणाची चूक हा विषय निघू द्यायचा नव्हता. कॅलेंडर खाली काढलं आणि शेवटचे तीन आकडे आबांनाच वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून आधीचे पंधरा-वीस दिवसही वाचले आणि म्हणाले, “हे असं चढत गेलं आणि मला कुणी दाखवलं न्हाई? तीस वर्षं गावाच्या दुधाचं फॅट लिवलंय मी. माझं वजन मला लिवता येत न्हाई व्हय?”

खरंच, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही. वॉर्डातल्या दोन्ही बैठकांत आबा खाटेवर होते आणि आमची तोंडं सुनेकडे होती. त्या दिवसापासून वजन आबांकडे गेलं. त्यांनी सोसायटीच्या पद्धतीची एक लांब वही केली: तारीख, वजन, पायाची सूज, गोळी घेतली का, शेरा. आणि गोळी लपवण्याचं कारण एकदा सर्वांसमोर बोलल्यावर तोडगा दोन मिनिटांत निघाला. डॉक्टरांना फोनवर विचारलं. कट्ट्यावर जायच्या दिवशी ती गोळी परत आल्यावर दुपारी घेतली तरी चालेल, मात्र संध्याकाळी उशिरा नको, नाहीतर रात्रभर उठावं लागेल.

मग आजारामुळे घरात वाढलेली सगळी कामं कागदावर लिहिली. एकोणीस निघाली, त्यातली सोळा सुनेकडे होती. यादी वाचून दाखवल्यावर दादा काही बोलला नाही. अक्का मात्र म्हणाली, “वयनी, अगं एवढं?” दर रविवारी आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरणं आणि संपत आलेली औषधं आणणं दादाने घेतलं. ओपीडीच्या तारखा, आबांना घेऊन जाणं, रिपोर्टची फाइल अक्काकडे गेली. रात्री सोप्यात झोपायचं काम दादा आणि माईंमध्ये आलटून पालटून.

फोनचा अधिकार वेगळा बोलावा लागला. डॉक्टरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर वही जो बघेल त्याने फोन करायचा, कोणाला विचारायची गरज नाही; बसल्या जागी दम लागला तर थेट १०८. हा कागद दादाने सगळ्यांसमोर वाचला. तोच वाचू दे, हा आमचा आग्रह होता.

सर्वांत जास्त वेळ मिठावर गेला. माईंचं म्हणणं एकच, “आजारी माणसाला बेचव घालायचं म्हणजे पाप.” त्यांना ५ ग्रॅम सांगून उपयोग नव्हता. विचारलं, मिठाची पुडी किती दिवस जाते? एक किलोची पुडी, पंधरा दिवस. सहा माणसं. हिशोब आबांनीच केला, माणशी रोज अकरा ग्रॅम, लोणच्या-पापडातलं मीठ धरलं नाही तरी. दुपटीपेक्षा जास्त. यानंतर माई पहिल्यांदा बैठकीत उतरल्या. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं बंद, ताटात वेगळं मीठ वाढायचं बंद, आबांची आमटी मीठ घालण्याआधी वाटीत काढून घ्यायची, त्यांच्यापुरता ठेचा बिनमिठाचा, लसूण आणि लिंबू वाढवून. हे सगळं त्यांनीच सुचवलं. नवी पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची, एवढीच आमची भर.

दादाने उत्साहाने कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलं होतं. ते परत करायला लावलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि आबांना स्पायरोनोलॅक्टोन चालू होतं, ते पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. पुडीवर हृदयाचं चित्र असलं की माणसं डोळे मिटून विकत घेतात, त्यांना दोष कसा देणार?

माईंच्या डायक्लोफिनॅकबद्दल त्यांच्याशी एकटीनेच बोलले, आत चुलीपाशी. आपल्या हातून हे झालं असं त्यांना वाटू नये म्हणून फक्त पुढचं सांगितलं: तुमच्या गोळ्या तुमच्या डब्यात, आबांचं काही दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही आधी विचारून. त्यांच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडच्या फिजिओथेरपीची वेळ घेऊन दिली.

सुनेची तपासणी आबांच्या ओपीडीच्या दिवशीच लावली, म्हणजे तिला वेगळी सुट्टी नको आणि वेगळं कारणही नको. झोप लागत नाही म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला होता. तो तिने लावला नाही.

परिणाम

बैठकीनंतरच्या सहा महिन्यांत आबांना हार्ट फेल्युअरसाठी दाखल करावं लागलं नाही. नोव्हेंबरात एका लग्नानंतर वजन दोन किलो तीनशे वाढलं. सकाळी आठला फोन आला, आबांचाच. दुपारी डे-केअरमध्ये इंजेक्शन घेऊन संध्याकाळी घरी. मिठाची पुडी पंधरा दिवसांवरून चोवीस दिवसांवर गेली, म्हणजे माणशी सात ग्रॅमच्या आसपास. भडंग पूर्ण सुटलेलं नाही, वहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘भ’ असं लिहिलेलं आठवड्यातून एकदा तरी दिसतं. जनऔषधी केंद्रातून मिळतील तेवढ्या गोळ्या घ्यायला लागल्यापासून महिन्याचा खर्च हजाराच्या आत आला.

सुनेचे झॅरिटचे गुण मार्चमध्ये ३१ आले, पुन्हा एकटीशी बोलून. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं, गर्भाशयातल्या छोट्या गाठीचं निदान होऊन औषध सुरू झालं.

याचं श्रेय किती कोणाला, हे वेगळं काढता येत नाही. याच काळात औषधांचे डोस वाढले, डॅपाग्लिफ्लोझिन लागू पडलं. एवढ्यानेही भरती टळली असती, असं आमच्या डॉक्टरांपैकी एकाचं मत आहे. मला ते अर्धंच पटतं. औषधांनी आबांचं पाणी उतरलं असेल, पण रात्री सोप्यात कोण झोपतं ते औषधांनी बदललं नसतं.

वाटणी टिकली का? अर्धी. हंगाम सुरू झाल्यावर दादाच्या रात्री कारखान्याच्या रांगेत जायला लागल्या आणि रविवारची डबी भरायचं काम सुटलं. ते सुनेकडे परत गेलं नाही, म्हणून सुरुवातीला आम्ही खूश होतो. जानेवारीत कळलं की ते नातीकडे गेलंय. तेरा वर्षांची मुलगी अकरा प्रकारच्या गोळ्या डबीत भरत होती, बिनचूक भरत होती, आणि चुकलं तर काय होईल याची धास्ती आता तिला होती. तेव्हापासून डबी अक्का भरते, पंधरा दिवसांची एकदम, औषधं पोचवायला येते तेव्हा.

आता काय वेगळं करू

फॉर्मवरची एक ओळ काढून तिथे चार रकाने केले आहेत: स्वयंपाक कोण करतं, औषध कोण आणतं, रात्री जवळ कोण असतं, दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं. चारही रकान्यांत एकच नाव आलं तर ते कुटुंब पहिल्याच दिवशी माझ्याकडे येतं. शिकवण्याच्या बैठकीत रुग्ण खुर्चीवर समोर बसलेला असतो. झॅरिटची प्रश्नावली एकांतातच भरायची, आणि ते जमणार नसेल तर भरायचीच नाही. खोटा १४ फाइलवर असण्यापेक्षा रकाना रिकामा बरा.

पहिल्या भरतीतच घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगायला हवं होतं, फक्त रुग्णाच्या नव्हे. डायक्लोफिनॅक तिथेच दिसलं असतं.

पगारी मदत परवडत नाही म्हणून विसाव्याचा विचारच सोडून द्यायचा, असंही नको होतं. सुनेला माहेरी जाऊन चार दिवस राहायचं होतं, हे तिने मार्चमध्ये सांगितलं. वर्षभर ती गेली नव्हती. वाटणीच्या यादीत ‘सुनेची सुट्टी’ ही ओळ आधीच घातली असती तर दादाला आणि अक्काला तारखा धरून ठेवता आल्या असत्या. पुढच्या कुटुंबांच्या यादीत ती पहिली ओळ आहे.

एक गोष्ट अजून झालेली नाही. आबांचा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, जात नाही, आणि पुढे कधीतरी तो बळावणार. तेव्हा कुठपर्यंत न्यायचं, मशीनवर ठेवायचं की नाही, हे आबा स्वतः सांगू शकतात तोवर बोलून ठेवायला हवं. दादा म्हणतो, त्यांना हे सांगायचं नाही, खचतील. वहीतले आकडे रोज लिहिणाऱ्या माणसाला काही कळलेलं नसेल असं मला वाटत नाही, पण हे घरच्यांना डावलून करण्याजोगं नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दादा मोकळा होईल. तेव्हा डॉक्टर, आबा आणि दादा तिघांनी बसायचं ठरलं आहे. माईंना त्यात घ्यायचं की आधी वेगळं बोलायचं, हे अजून ठरायचं आहे.